नोंदीबाहेरचे सात महिने : कमांडर मोहन नारायणराव सामंत यांची कारकीर्द



ज्या गुरुजींच्या स्मृतीस्तव ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला भूगोल शिकविताना एक गोष्ट फळ्यावर खडूने काढून दाखविली होती. आपल्या सरदारपूरच्या बाजूला उगम पावणारी मही माळवा सोडून वागडातून वळसा घेत गुजरातेत उतरते आणि अखेर खंबातच्या आखाताला मिळते. राजगढच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो, पण त्याच्या गावाजवळचे पाणी समुद्राला पोहोचलेले असते, एवढे त्यांना सांगायचे होते. आज मी समुद्रावरच्या माणसाविषयी बोलणार आहे, तेव्हा त्या खडूच्या रेघेची आठवण होणे स्वाभाविक आहे.

विषय आहे नौदलातून गुप्त कार्याकडे वळलेल्या अधिकाऱ्याची कारकीर्द. जन्मभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ज्या माणसांना बोलण्याची मुभा नसते, त्यांचे चरित्र कसे वाचावे हा जितका इतिहासाचा प्रश्न आहे, तितकाच वाङ्मयाचाही आहे.

शब्दांपासून आरंभ करतो. ‘आरमार’ हा आपला शब्द पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून आला. आपण तो असा आपलासा केला की, शिवछत्रपतींच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. बातमी काढणाऱ्यांसाठीही आपल्याकडे शब्दांची वाण नव्हती. जासूद, हेर, नजरबाज असे निरनिराळ्या छटांचे शब्द जुन्या कागदांत आढळतात. म्हणजे राज्य राखण्यासाठी समुद्रावर सत्ता हवी आणि खबर आधी हाती हवी, या दोन्ही गोष्टी मराठ्यांना ठाऊक होत्या. प्रश्न उरतो तो या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय, हा.

दर्यावर्दी आणि हेर

जगाच्या इतिहासाकडे पाहिले, तर हा संबंध वारंवार दृष्टीस पडतो. ब्रिटनमध्ये १९०९ साली परदेशांतील गुप्त माहिती मिळविणारी संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे प्रमुखपद मॅन्सफील्ड कमिंग या नौदल अधिकाऱ्याकडे आले. या गृहस्थांना समुद्र लागत असे, म्हणून त्यांना प्रत्यक्ष जहाजावरची सेवा सोडावी लागली होती. कागदावर ते हिरव्या शाईने ‘सी’ एवढेच अक्षर सहीसाठी काढीत, आणि त्या संस्थेच्या प्रमुखाला आजही त्याच अक्षराने ओळखतात. अमेरिकेत १९४७ साली सी.आय.ए. स्थापन झाली, तिचे पहिले प्रमुख रॉस्को हिलेनकोटर हेही नौदलातलेच.

जर्मनीच्या विल्हेल्म कॅनारिसची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पहिल्या महायुद्धात त्याचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ नष्ट झाले. चिलीच्या स्थानबद्धतेतून तो निसटला, अँडीज पर्वत ओलांडून मायदेशी परतला आणि पुढे पाणबुड्यांचा अधिकारी झाला. १९३५ च्या आरंभी तो जर्मनीच्या लष्करी गुप्तहेरखात्याचा प्रमुख झाला, आणि ज्या राजवटीची त्याने चाकरी केली तिच्याविरुद्धच्या कटाशी संबंध असल्याच्या आरोपावरून तिनेच त्याला एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिले.

नौदलाच्या माणसाकडे हे काम का यावे? कारण उघड आहे. समुद्रावर शत्रू क्वचितच समोर उभा असतो. क्षितिजावरचा धूर, पाण्यातून येणारा आवाज, रेडिओवरचा अर्धवट संदेश, एवढ्यावरून अंदाज बांधावा लागतो आणि त्या अंदाजावर शेकडो जिवांचा भार टाकावा लागतो. पाणबुडीत तर हे शिक्षण टोकाला जाते. तिथे दिसणे म्हणजे मरण. आवाज करणेही मरणच. पन्नास-पाऊणशे माणसे लोखंडी नळकांड्यात आठवडेच्या आठवडे एकमेकांच्या विश्वासावर राहतात. गुप्त कार्याला लागणारे तीन गुण, म्हणजे अपुऱ्या पुराव्यावर निर्णय, मौन आणि मोजक्या सोबत्यांवर पूर्ण भरवसा, पाणबुडीवरच्या माणसाच्या अंगी रोजच्या कामातूनच भिनतात.

आपल्या मराठी मुलखातून असा एक माणूस निघाला. त्यांचे नाव मोहन नारायणराव सामंत.

पाणबुडीकडून पाणबुड्यांकडे

भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. त्यानंतर सोव्हिएत संघाकडून आणखी पाणबुड्या आल्या. त्यांपैकी ‘करंज’ ४ सप्टेंबर १९६९ रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली आणि तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर होते कमांडर सामंत. नव्या दलाची घडी बसविणाऱ्या पहिल्या पिढीतले ते होते. सामान्य काळ असता, तर त्यांची कारकीर्द याच वाटेने पुढे गेली असती.

परंतु २५ मार्च १९७१ च्या रात्री पूर्व पाकिस्तानात लष्करी कत्तल सुरू झाली. पुढील महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्याच मार्चच्या अखेरीस फ्रान्समधील तुलाँ बंदरात ‘मांग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरचे काही बंगाली नौसैनिक जहाज सोडून निघाले आणि त्यांच्यापैकी आठ जण स्पेनमार्गे भारतात पोहोचले. ही आठ माणसे प्रशिक्षित होती आणि त्यांना आपल्या देशासाठी लढायचे होते. त्यांच्याभोवती काय उभारता येईल, याचा विचार दिल्लीत सुरू झाला.

त्या वेळी नौदलप्रमुख होते ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा आणि नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते कॅप्टन मिहिर रॉय. रॉय मूळचे नौदलातील वैमानिक. ‘विक्रांत’वरच्या अलिझे विमानांच्या तुकडीचे ते पहिले प्रमुख. पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले आणि पूर्व नौदल विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. दिल्लीत बसून सूत्रे हलविणारा संचालक हवा होता, तो रॉय यांच्या रूपाने होता. बंगालमध्ये राहून ती योजना प्रत्यक्षात उतरविणारा माणूसही हवा होता. त्यासाठी पाणबुडी दलातील कमांडर सामंत यांची निवड झाली. या कार्याला नाव मिळाले ‘नेव्हल कमांडो ऑपरेशन्स (एक्स)’.

आपल्या भाषेत ‘पाणबुडी’ म्हणजे पाण्याखालून जाणारी नौका आणि ‘पाणबुड्या’ म्हणजे पाण्यात बुडी मारणारा माणूस. सामंतांच्या आयुष्यात हे वळण अक्षरशः आले. हजारो टनांची पाणबुडी चालविलेल्या अधिकाऱ्याच्या हाती आता उघड्या अंगाची, लुंगी नेसलेली, विशीच्या आतबाहेरची बंगाली पोरे आली. त्यांच्यात बरेच विद्यार्थी होते. पोहणे त्यांना शिकवावे लागले नाही. नदीकाठच्या मुलांना ते जन्मतःच येते. पोहता पोहता न दिसणे मात्र शिकवावे लागले.

भागीरथीच्या काठी

प्रशिक्षणाचा तळ पडला तो भागीरथीच्या काठी, प्लासीजवळ. १७५७ साली ज्या प्लासीने हिंदुस्थानच्या पारतंत्र्याचा आरंभ पाहिला, तिथेच दोनशे चौदा वर्षांनी एका नव्या राष्ट्राच्या नौदलाचा गुप्त पाया घातला गेला. मे १९७१ मध्ये तळ सुरू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत तिथून चारशेहून अधिक तरुण तयार होऊन निघाले. लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस हे तिथल्या प्रशिक्षणाचे एक प्रमुख आधार होते.

या युद्धाचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. पूर्व बंगाल हा नद्यांचा देश. रस्ते व लोहमार्ग तोकडे, पूल उडविले गेलेले. पाकिस्तानी सैन्याचे अन्न, इंधन आणि दारूगोळा चितगाव व मोंगला या बंदरांत उतरे आणि नारायणगंज, चांदपूर यांसारख्या नदीबंदरांतून आत जाई. ही वाहतूक थांबली, तर सैन्य जागच्या जागी शुष्क होईल. बंदरांत बुडणाऱ्या जहाजांची बातमी गेली, की परदेशी जहाजांचे मालकही तिकडे फिरकण्यास कचरतील. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेचा श्वास रोखण्याचा हा विचार होता.

शस्त्र होते लिम्पेट सुरुंग. खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या एका शंखवर्गीय प्राण्यावरून त्याला हे नाव मिळाले. चुंबकाच्या साहाय्याने तो जहाजाच्या पाण्याखालील लोखंडी अंगाला चिकटतो. पोहणारा तो गमछ्याने पोटाशी बांधी, कमरेला सुरी आणि पायांत रबरी पंख घाली, आणि ओहोटी-भरतीची वेळ साधून प्रवाहाबरोबर जहाजापाशी जाई. सुरुंगाच्या कळीत पाण्यात विरघळणारी एक गुटी असे; ती विरली की स्फोटाची यंत्रणा जागी होई. पण जहाजापर्यंतचा पल्ला लांब आणि गुटी विरघळण्याचा अवधी थोडा. त्यावर उपाय निघाला तो बाजारात मिळणाऱ्या साध्या रबरी आवरणाचा. ते कळीवर चढवायचे आणि सुरुंग जहाजाला लावताना काढून टाकायचे. मोठ्या योजना पुष्कळदा अशा क्षुल्लक वस्तूंवर तरून जातात.

संकेताची योजना तितकीच साधी होती. शेकडो मैलांत विखुरलेल्या तुकड्यांनी एकाच रात्री आघात करायचा, तर त्यांना तो दिवस कळवायचा कसा? प्रत्येकाजवळ संदेशयंत्र देणे म्हणजे शत्रूला निमंत्रण. म्हणून आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून दोन ठरलेली बंगाली गीते लागतील असे ठरले. पहिले ऐकू आले की तयारीला लागायचे, दुसरे ऐकू आले की आघात करायचा. लाखो श्रोत्यांनी ती गाणी ऐकली असतील. त्यांचा अर्थ मोजक्या तुकडीप्रमुखांनाच ठाऊक होता. सर्वांसमक्ष उच्चारलेला पण थोड्यांनाच कळलेला शब्द, हा तर काव्याचाच व्यवहार झाला, असे एखाद्या रसिकाला वाटेल.

१५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री दीडशेहून अधिक तरुण चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथे पाण्यात उतरले. चितगावच्या तुकडीचे नेतृत्व तुलाँहून आलेल्या अब्दुल वाहेद चौधुरी यांच्याकडे होते. मध्यरात्रीनंतर ‘अल-अब्बास’ आणि ‘हुर्मुझ’ या दोन मोठ्या जहाजांसह तिथल्या धक्क्यावरील जहाजे स्फोटांनी फाटली. पूर्व पाकिस्तानात सर्व काही सुरळीत आहे, असे जगाला सांगणाऱ्यांचे म्हणणे त्या एका रात्रीत लटके पडले. पुढील महिन्यांतही हे आघात चालू राहिले.

चार दिवसांची नोंद

डिसेंबरात उघड युद्ध पेटले. कलकत्त्याच्या बंदरातील दोन साध्या नौकांवर तोफा बसवून त्यांना ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ अशी नावे दिलेली होती. त्यांवर भारतीय अधिकारी आणि बंगाली नौसैनिक बरोबरीने होते. यांच्या जोडीला नौदलाची ‘पणवेल’ ही लहान गस्तीनौका आणि सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’. या चार नौकांचे ‘फोर्स अल्फा’ घेऊन कमांडर सामंत ८ डिसेंबरला निघाले. सुंदरबनच्या अपरिचित, गाळाने भरलेल्या जलमार्गांतून वाट काढीत त्यांनी मोंगला गाठले. शत्रूला ध्यानीमनी नसताना हा हल्ला झाला आणि मोंगला पडले. तेथून ते खुलन्याकडे वळले.

१० डिसेंबरला खुलन्याजवळ जे घडले, ते सांगताना आवाज जड होतो. आकाशात भारतीय वायुदलाची नॅट विमाने आली. आपल्या नौका ओळखू याव्यात म्हणून त्यांवर पिवळी खूण केलेली होती. तरीही वैमानिकांनी त्या शत्रूच्या समजून त्यांच्यावर मारा केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ पेटल्या व बुडाल्या. ‘पलाश’च्या यंत्रघरात मोहम्मद रुहुल अमीन हे बंगाली तंत्रज्ञ नौका वाचविण्यासाठी अखेरपर्यंत झटले आणि त्यांनी प्राण वेचले. स्वतंत्र बांगलादेशाने त्यांना ‘वीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. तो मिळालेल्या सात जणांत ते एक आहेत, आणि त्यांची समाधी रूपसा नदीच्या काठी आहे. नौका सोडून पाण्यात पडलेल्यांवर किनाऱ्यावरून शत्रूचा गोळीबार चालू होता. लीडिंग सीमन चिमण सिंग यांनी जखमी असताना सोबत्यांना किनाऱ्याला लावले आणि शत्रूची नजर स्वतःकडे वेधून दोघांना निसटू दिले. ते स्वतः पकडले गेले व युद्धानंतरच सुटले. ‘पणवेल’वरून लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा लढत राहिले. सामंतांनी वाचलेल्यांना उचलून घेतले आणि मोहीम अर्ध्यावर टाकली नाही. या एका लहानशा पथकातील सामंत, नोरोन्हा आणि चिमण सिंग या तिघांना महावीरचक्र मिळाले.

या प्रसंगातून गुप्त कार्याचा एक कठोर धडा निघतो. लपविण्याची कला शत्रूसाठी असते. पण लपविता लपविता आपण आपल्यांपासूनही लपले जातो. व्यापारी नौकांना लढाऊ रूप दिले, शत्रूला त्या कळू नयेत असे पाहिले, आणि ऐन घटकेला आपल्याच आकाशातील माणसालाही त्या कळल्या नाहीत. यात कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. गुप्ततेची किंमत द्यावीच लागते, आणि ती पुष्कळदा योजना आखणाऱ्याऐवजी यंत्रघरातला माणूस देतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आता सामंतांच्या महावीरचक्राच्या अधिकृत सन्मानपत्राकडे वळतो. त्यात ८ ते ११ डिसेंबर १९७१ या चार दिवसांचे वर्णन आहे. प्लासीचा तळ त्यात नाही. चारशे पोरे, आकाशवाणीची गाणी, ऑगस्टमधली ती रात्र, हे काहीही नाही. मे ते डिसेंबर या सात महिन्यांत या माणसाने जे केले, ते ज्या कागदाने त्याचा गौरव केला त्या कागदावरच आले नाही. आणि ते येणे शक्यही नव्हते. कारण युद्ध जाहीर होण्याआधी झालेल्या कार्याची उघड नोंद कोणतेही राज्य करीत नाही.

युद्धानंतर नवजात बांगलादेशाच्या नौदलाची आरंभीची घडी बसविण्याचे कामही सामंतांकडे आले. त्या नौदलाचे पहिले प्रमुख म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि मुंबईत राहिले. अनेक दशके ते या सर्वाविषयी जवळजवळ गप्प होते. आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह ‘ऑपरेशन एक्स’ या इंग्रजी ग्रंथात ही हकिकत मांडली. ग्रंथ २०१९ साली आला. पण त्याच वर्षी २० मार्चला, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, सामंतांनी जगाचा निरोप घेतला होता.

मौन आणि आख्यायिका

बहिर्जी नाईकांचे नाव आपल्या घराघरांत आहे. बखरीत सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात त्यांचा उल्लेख येतो. पण खात्रीने सांगता येईल असे त्यांच्याविषयी फार थोडे आहे, आणि सांगितले जाते ते मात्र अपार. वेषांतरे, सोंगे, पक्ष्यांच्या आवाजातील संकेत, हे सारे लोकांनी प्रेमाने रचले. मी त्याची थट्टा करीत नाही. जिथे नोंद नसते तिथे आख्यायिका उगवते, हा निसर्गनियमच आहे. परंतु आख्यायिकेत नायक कधी चुकत नाही, त्याच्या बाजूचा माणूस आपल्याच गोळीने मरत नाही, आणि यंत्रघरातल्या रुहुल अमीनचे नाव कोणी विचारीत नाही. सत्य हकिकत आख्यायिकेहून थोर असते, कारण तिच्यात किंमत लिहिलेली असते. सामंतांनी अखेरच्या वर्षांत तोंड उघडले नसते, तर पन्नास-शंभर वर्षांनी आपण त्यांच्याविषयीही रंगीत गोष्टीच सांगितल्या असत्या, किंवा काहीच सांगितले नसते.

जाता जाता एक वैयक्तिक गोष्ट सांगतो. माझा एक वर्गमित्र नौदलात साधा नौसैनिक म्हणून भरती झाला होता. सुटीवर आला की आमच्या ओट्यावर बसे. युद्धानंतर मी त्याला विचारले, “तू काय केलेस रे तिकडे?” तो हसून म्हणाला, “डेक धुतले.” मीही हसलो आणि विषय बदलला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षे होता. मी पुन्हा विचारले नाही. आज तो नाही. त्याने खरोखरच डेक धुतले असतील, किंवा नसतीलही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना पाठामागचा अर्थ शोधायला शिकविले, आणि माझ्या ओट्यावर बसलेल्या माणसाचे एक वाक्य मी जसेच्या तसे धरून बसलो, ही खंत मला या वयात छळते.

माजी विद्यार्थ्यांनो, या शाळेतून सैन्यात, पोलिसात, रेल्वेत, रुग्णालयात गेलेली माणसे तुमच्यात आहेत. ज्याचे बंधन अजून आहे, त्याने ते पाळावेच. सामंतांनीही ते दीर्घकाळ पाळले. परंतु ज्याची मुदत सरली आहे, त्याने ते लिहून ठेवावे, साधेपणाने, चुकांसह आणि सोबत्यांच्या नावांसह. शाळेने त्यासाठी एक वही घालावी आणि ती ग्रंथालयात ठेवावी, अशी या व्यासपीठावरून माझी विनंती आहे. गुरुजींनी फळ्यावर काढलेली महीची रेघ दुसऱ्या दिवशी पुसली गेली. ती आज मला सांगता आली, कारण तेव्हा मी ती वहीत उतरवून घेतली होती.